आधी कळवून येणारी आपत्ती

बाई, तुम्ही गेलात त्याला तीस वर्षे होऊन गेली, आणि या तीस वर्षांत तुम्हाला काही लिहावे असे मला एकदाही वाटले नाही. आठवण येत नव्हती असे नाही. पण मृताला उद्देशून लिहिलेल्या मजकुराला उत्तर संभवत नाही, आणि ज्याला उत्तर संभवत नाही ते विधान कोणी तपासू शकत नाही, म्हणून असले लेखन मी नेहमीच टाळले. ते मत आजही कायम आहे. तरीही लिहिते आहे, कारण सोमवारी मला एका चौकशी समितीपुढे लेखी निवेदन द्यायचे आहे, त्या निवेदनावर एका माणसाची नोकरी अवलंबून आहे, आणि ते तयार करताना मला वारंवार तुमचे स्वयंपाकघर आठवत राहिले.

दोन खोल्यांचे ते सरकारी क्वार्टर. तुमचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे भोपाळला आले आणि मग तुम्ही इथल्याच झालात. रविवारी सकाळी आम्ही चौघी मुली तुमच्याकडे येत असू. मी इंद्रपुरीहून सायकलने. कॉलेजात तर्कशास्त्राचा तास पाऊण तासाचा असे आणि तुमच्या मते त्यात विषयाला हातही लागत नसे. त्यामुळे तुम्ही पोळ्या लाटता आहात, आम्ही भिंतीला टेकून बसलो आहोत, आणि तुम्ही पाठ न वळवता विचारता, "धूर दिसला म्हणजे अग्नी आहे. आता उलट म्हणा." आमच्यातली एक घाईने म्हणते, "अग्नी आहे म्हणजे धूर आहे." तुम्ही लाटणे ठेवता, शेगडीतला एक लालबुंद निखारा चिमट्याने उचलता आणि तिच्यासमोर धरता. "हा घे अग्नी. दाखव धूर." ती मागे सरकते, आम्ही हसतो, आणि तुम्ही मात्र हसत नाही. धुरावरून अग्नीकडे जाता येते, अग्नीवरून धुराकडे जाता येत नाही. नंतरचे असेल तर आधीचे असलेच पाहिजे, हे मला त्या निखाऱ्यामुळे कळले. माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीला तेवढेच ज्ञान पुरले, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

दुसरा एक दिवसही आठवतो. वर्गात एक मुलगी होती, हिंदी माध्यमातून आलेली, वसतिगृहात राहणारी. उदाहरण म्हणून तिने सांगितले की वसतिगृहाचे पाणी पिण्यालायक नाही, कारण तिच्या दोन मैत्रिणी आजारी पडल्या. मी उभी राहिले. त्या दोघींनी त्याच आठवड्यात बाहेर चाट खाल्ली नव्हती का, तेच पाणी पिणाऱ्या उरलेल्या सगळ्याजणी धडधाकट कशा, दोन घटना पाठोपाठ घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण होते का, असे मी क्रमाने विचारत गेले. वर्ग हसला. ती "सॉरी" म्हणून खाली बसली. मला वाटले होते तुम्ही मान डोलवाल. तुम्ही विचारलेत, "तू तिचे कारण खोडलेस. तिचे म्हणणे खोडलेस का?"

"कारण पडले की म्हणणे निराधार होते, बाई."

"निराधार होते. खोटे होते का?"

मी खाली बसले. मग तुम्ही म्हणालात, "उद्या तिची बाजू तू मांड. तिला जमली नाही, तुला जमेल. अक्कल फक्त पाडायला दिलेली नाही." दुसऱ्या दिवशी मी ताप आल्याचे सांगून घरी राहिले. ताप नव्हता. तुम्ही पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. त्यानंतर पंधरा दिवसांनी वसतिगृहाची टाकी उपसून धुतली गेली. त्यातून काय निघाले, ते मी विचारले नाही.

पुढे मी नोकरीला लागले ती संस्था तुम्हाला ठाऊक होती. तिथल्या यंत्राचे तुम्हाला कुतूहल वाटे. गोविंदपुऱ्यातल्या लहान लहान कारखान्यांतल्या कामगारांच्या उपचारांच्या नोंदी तिथे ठेवल्या जात. कोणाला काय आजार आहे, कोणत्या शस्त्रक्रियेला डॉक्टरांनी मंजुरी दिली, कोणत्या रुग्णालयात कोणत्या तारखेला जायचे, हे सगळे एका मेनफ्रेम संगणकात. तुम्ही गेल्यानंतर त्याची जबाबदारी क्रमाक्रमाने माझ्याकडे आली. माहिती चार मोठ्या डिस्क-कपाटांत साठवलेली असे, आणि प्रत्येक कपाटात जे लिहिले जाई त्याची नक्कल लगोलग, आपापल्या स्वतंत्र केबलने, नागपूरच्या केंद्रातल्या तशाच चार कपाटांत उतरत असे. इथे काही विपरीत घडले तर नागपूरचे यंत्र त्या नकलेवरून काम पुढे चालवणार. हे कधी, कसे, कोणाच्या आज्ञेने करायचे, याची आपत्ती-योजना मी लिहिली. या शहरात आपत्ती हा शब्द कोणी हलकेपणाने उच्चारत नाही. पहिल्या पानावर तो लिहिताना मीही थांबले होते. बत्तीस पानांची ती योजना ही माझ्या हातून झालेली सर्वांत नेटकी रचना आहे, असे मी अलीकडेपर्यंत समजत होते. इतर कार्यालयांतले लोक तिची प्रत मागून नेत.

दरवर्षी एका शनिवारी तिची रंगीत तालीम होई. ती कशी होई हे सांगायला हवे, कारण चूक तिथे आहे. सकाळी यंत्राच्या दालनापुढे नारळ फुटे. मग पोहे-जिलेबी. आमचा जुना ऑपरेटर दरवर्षी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारी, "मैडम, आपदा पोहे के पहले या बाद में?" आणि मी म्हणे, "बाद में. खाली पेट कैसी आपदा." अकरा वाजता मी सूचना देई: सर्व कामे थांबवा. रुग्णालयांना आदल्या दिवशीच कळवलेले असे, म्हणून कोणी नवी नोंद करत नसे. चारही कपाटांची नक्कल नागपूरला पूर्ण पोहोचली, काहीही वाटेत राहिले नाही, असे पडद्यावर दिसले की मी म्हणे, "आपत्ती घोषित." चारही केबल एकदम काढल्या जात. नागपूरचे यंत्र तासाभरात सगळी माहिती बिनचूक उघडून दाखवी. टाळ्या होत. अहवालावर मी "यशस्वी" असे लिहून सही करी. अठरा वर्षे असे चालले. आधी सर्व कामे थांबवावीत, हे कलम माझे होते. रुग्णांच्या नोंदींना तालमीचा उपद्रव होऊ नये, हा त्याचा हेतू होता, आणि हेतू म्हणून तो आजही निर्दोष आहे.

निवृत्तीला वर्ष उरले असताना, म्हणजे चार वर्षांपूर्वी, नकलेची तांत्रिक व्यवस्था पाहणारा एक अधिकारी आढावा बैठकीत उठून उभा राहिला. चाळिशीचा माणूस, आजोबा अमरावतीकडचे, पण जन्म, शिक्षण, बोलणे सगळे भोपाळचे. हातात एक पान होते, ते त्याने पाहिलेही नाही. म्हणाला, "मॅडम, मला एक गोष्ट खटकते. ड्रिलच्या दिवशी कामं आपण थांबवतो. खरोखर आग लागली तर कोण थांबवणार? केबल एक एक करून जळतील ना. एक कपाट आधी तुटेल, बाकीची चालूच राहतील. मग नागपूरला जे जाईल त्याचा काही मेळच बसणार नाही." उपाय त्याच्याकडे होता. चारही कपाटे एका गटात बांधावीत. एकाची नक्कल थांबली की त्याच क्षणी उरलेल्या तिघांचीही थांबावी, म्हणजे नागपूरला जे असेल ते थोडे जुने असेल, पण सुसंगत असेल.

मी विचारले, असे कुठे घडल्याचे प्रमाण आहे का. तो म्हणाला, दुसऱ्या एका शहरात मित्र नोकरीला आहे, त्याने सांगितले. मी म्हणाले, "एका उदाहरणावरून नियम निघत नाही. आणि ऐकीव गोष्टीतून तर उदाहरणही निघत नाही." एखादी केबल क्षणभर अडखळली तरी सगळी नक्कल बंद पडेल, त्याचे काय, असे विचारले. त्याच्याकडे आकडा नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, तेवढं मला मांडता येत नाहीये. पण मला वाटतं की आग काही आपलं वेळापत्रक बघून नाही लागणार."

"वाटणे हे प्रमाण नव्हे," मी म्हणाले.

सभागृह हसले. कोणीतरी मागून म्हणाले, "मैडम से कौन जीता है भाई!" तोही कसनुसा हसला आणि बसला. इतिवृत्ताचा मसुदा माझ्याकडे आला तेव्हा त्यात त्याच्या सूचनेचा एक परिच्छेद होता. ज्याला आधार नाही ते नोंदवण्याचे कारण नाही, असा शेरा मारून मी तो काढला. महिन्याभरात त्याची बदली भांडारात झाली. बदलीचा आदेश माझा नव्हता; पण तो काढणाऱ्याने माझे मत विचारले होते, आणि मी हरकत घेतली नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात, दुपारी, बॅटरीच्या खोलीला आग लागली. माणसे सगळी सुखरूप बाहेर आली. त्या खोलीवरून चारही केबल जात होत्या. पहिली जळाल्यापासून शेवटची जळेपर्यंत चाळीस मिनिटे गेली, आणि यंत्र वेगळ्या दालनात असल्यामुळे ते तोपर्यंत इमानाने काम करत राहिले. मग धूर आणि पाणी तिकडेही पोहोचले आणि दोन कपाटे निकामी झाली. पहिल्या केबलवर मंजुऱ्यांचे कपाट होते, तिसऱ्या केबलवर तारखांचे. नागपूरची नक्कल उघडली तेव्हा त्यात तारखा होत्या आणि त्यांच्या मंजुऱ्या नव्हत्या. धूर होता, बाई, आणि अग्नी नव्हता. ते यंत्र असले काही मान्य करत नाही. करू नये असेच आम्ही त्याला सांगून ठेवले होते. चाळीस मिनिटांतल्या नोंदी किती, हा प्रश्नच उरला नाही. कोणती नोंद खरी हे ठरवता येईना, म्हणून सगळ्याच संशयित झाल्या.

जुनी योजना माझी म्हणून मला बोलावून घेतले. आदल्या रात्रीची टेपवरची प्रत लावून, त्या दिवशीच्या कागदी चिठ्ठ्या गोळा करून, एकेक नोंद पुन्हा जुळवायला अकरा दिवस लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी तळमजल्यावरून जात होते. खिडकीशी एक वयस्क माणूस उभा होता, लेथवर काम करणारा, नखांत काळे वंगण. बायकोच्या शस्त्रक्रियेची चिठ्ठी त्याच्या हातात होती. आतला मुलगा म्हणत होता, "चाचा, मंजूरी नहीं दिख रही."

"तारीख दिख रही है?"

"तारीख तो है."

"तो बेटा, बिना मंजूरी के तारीख कोई देता है क्या? तारीख है, तो मंजूरी हुई ही होगी."

"हुई होगी चाचा, पर दिख नहीं रही ना."

तो माणूस माझ्याकडे वळला. "आप पढ़ी-लिखी लगती हैं मैडम. आप ही बताइए, मैं गलत बोल रहा हूँ?"

मी म्हणाले, नाही. "तो फिर?" त्याने विचारले. त्याचे अनुमान निर्दोष होते. तुमच्या स्वयंपाकघरात त्याला पूर्ण गुण मिळाले असते. त्याच्या बायकोची शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे गेली. त्यानंतर तिचे काय झाले हे मात्र मी मुद्दाम शोधून काढले. ती बरी आहे.

आता समिती बसली आहे. तिच्या प्राथमिक टिपणात असे म्हटले आहे की नकलेची व्यवस्था ज्या अधिकाऱ्याच्या सहीने उभी राहिली, त्याने हा धोका कधीही निदर्शनास आणल्याचे आढळत नाही. आढळणार नाहीच, तो परिच्छेद मी काढला होता. बैठकीला हजर असलेल्यांना विचारले तर कोणाला नीटसे आठवत नाही. कामावरून कमी करण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. टिपण अभिप्रायासाठी माझ्याकडे आले आणि मी पाच पाने लिहिली. त्याचे म्हणणे जसे मांडले जायला हवे होते तसे मांडले: प्रतिज्ञा, कारण, दृष्टांत, संभाव्य आक्षेप, त्यांची उत्तरे. त्यात एक फट सापडणार नाही. ती पाने त्याने आपले निवेदन म्हणून द्यावीत, अशी माझी योजना होती. ती घेऊन गेल्या रविवारी मी कोलार रोडला त्याच्या घरी गेले.

दार त्याच्या पत्नीने उघडले. मला ओळखून म्हणाली, "या ना. तुमचे आभारच मानायचे होते. ह्यांना भांडारात पाठवलंत तेव्हापासून घरी अगदी वेळेवर येतात."

"अगं, मॅडमना आधी बसू तर दे," आतून तो म्हणाला. मग मला, "चाय घ्याल ना मॅडम? हिच्या बोलण्यावर जाऊ नका."

"का नको? खरंच तर बोलतेय," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

त्याने पाचही पाने सावकाश वाचली. दोनदा मागे जाऊन पाहिले. "मॅडम, फार मस्त लिहिलंय. पण हे मी नव्हतो बोललो."

"तुम्हाला हेच म्हणायचे होते."

"हो, म्हणायचं हेच होतं. पण बोललो तर एका ओळीत ना. हे दिलं तर समिती विचारेल, इतकं सगळं कळत होतं तर गप्प का बसलात? मग मी काय सांगू?" त्याने पाने टेबलावर ठेवली, कडा जुळवून. "त्या दिवशी मीटिंगमध्ये काय झालं, तेवढं तुम्ही लिहा ना. बस."

"आणि कोण कोण हसलं, तेही लिहा," चहा ठेवताना त्याची पत्नी म्हणाली. या वेळी त्याने तिला थांबवले नाही.

तो मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आला. जिन्यात म्हणाला, "मॅडम, एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला खरोखर वाटलं होतं का, की मी चूक आहे?"

मी म्हणाले, "तुमचा युक्तिवाद अपुरा होता."

"ते तर होतंच," तो म्हणाला, आणि रिक्षावाल्याला पत्ता समजावून सांगू लागला.

घरी येऊन मी पाच पाने फाडली आणि नवे निवेदन लिहिले. ते दोनच पानांचे आहे. त्याने काय सुचवले, त्यावर मी काय बोलले, सभागृह हसले, इतिवृत्तातून परिच्छेद मी काढला, तालमीचे ते कलम माझे होते. हे सगळे खरे आहे आणि ते लिहायला मला कष्ट पडले नाहीत. दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: "सदर सूचना त्या वेळी मला पटली नाही." एवढ्या वाक्याने प्रकरण दोन अधिकाऱ्यांमधला प्रामाणिक मतभेद ठरते. मतभेद असेल तर समिती त्याला विचारणार की तुम्ही पाठपुरावा का केला नाही, पुन्हा लेखी का दिले नाही. आणि अर्धा दोष त्याच्याकडे राहणार. ते वाक्य नसेल तर त्याच्याकडे काहीच राहत नाही.

ते वाक्य खोटे आहे, बाई. "कोण थांबवणार" असे त्याने विचारले, तेव्हाच मला पटले होते. केबलचा मार्ग मी आखला होता; कोणती आधी जळेल, कोणती शेवटी, हे त्याचे बोलणे पुरे होण्याआधी मला दिसले होते. त्यानंतर मी त्याच्या कारणातली फट शोधू लागले, आणि ती होती, म्हणून सापडली.

निवेदन पुढ्यात आहे, आणि ती ओळ अजून तशीच आहे. ती खोडायची, शेजारी खरे काय ते लिहायचे आणि सही करायची, एवढेच काम दुपारपासून बाकी आहे. तुम्हाला लिहिणे त्याहून सोपे होते, म्हणून आधी हे लिहायला बसले.